गिरणीवाल्या अध्यक्षबाई

अध्यक्षबाईंना हळू बोलता येत नसे. वर्षानुवर्षं पिठाच्या गिरणीच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय. त्यामुळे गिरणी बंद असली तरी त्यांचं बोलणं समोरच्या आळीपर्यंत जायचं. शाळेच्या वऱ्हांड्यात येऊन त्या "नमस्कार सर" म्हणाल्या की दुसरीतली पोरं पाढे म्हणायची थांबायची. पहिल्यांदा त्यांना पाहिलं तेव्हा भुवयांवर, पापण्यांवर ज्वारीचं पीठ बसलेलं होतं आणि मला वाटलं, बाई चांगल्या वयस्क दिसतात. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि एकदम तिशीतली, धारदार डोळ्यांची बाई समोर उभी राहिली.

शहागडच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला ते गाव. जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते पाचवीपर्यंत, शिक्षक दोन. मी बदलीवर तिथे गेलो आणि मुख्याध्यापकाचा कार्यभारही माझ्याच गळ्यात पडला. शाळेला एक व्यवस्थापन समिती असते. कायदा म्हणतो, तिच्यात बहुतेक सदस्य पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात आणि अध्यक्ष पालकांमधूनच निवडावा. गावाचा रिवाज जरा वेगळा होता. गावात ज्यांना सगळे नुसतं 'मेंबर' म्हणत, ते ग्रामपंचायतीतले मोठे शेतकरी नाव सुचवायचे आणि बाकीचे माना डोलवायचे. त्या वर्षी ते म्हणाले, "गिरणीवाली बरी. पोरगी शाळंत हाय, बाई गावातच असती. सही लागली की जल्दी सापडंल." बाई भीमनगरातल्या. त्यांना मान मिळाला असं गावाला वाटलं, मेंबरांना सोय झाली असं वाटलं. बाईंना काय वाटलं, ते कुणी विचारलं नाही.

शाळेचं वार्षिक अनुदान आलं. बँकेच्या खात्यावर मुख्याध्यापक आणि अध्यक्ष अशा दोघांच्या सह्या लागतात, म्हणून मी चेक घेऊन गिरणीवर गेलो. बाईंनी खटका दाबून गिरणी थांबवली. दळणं घेऊन बसलेल्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या.

"हे कशाचे पैसे, सर?"

"शाळेचे. खडू, फळे, किरकोळ दुरुस्ती. पटावर मुलं किती, त्यावर ठरतं."

"आन् तुमचा पगार?"

"तो सरकारचा. जिल्हा परिषदेकडून येतो."

"इमारत?"

"जिल्हा परिषदेची."

"नळ?"

"ग्रामपंचायतीचा."

"खिचडीचा तांदूळ?"

"तो वरून येतो."

"मंग लाईट का बंद हाय शाळंची?"

मी म्हणालो, बिल कुणी भरायचं यावरून पंचायत आणि शाळा यांच्यात बरेच दिवस गाडं अडलंय. बाई हसल्या. "म्हणजे एका लेकराला सात माया, आन् लेकरू उपाशी." मग म्हणाल्या, "सही करते. पण ह्या बायांसमोर वाचून दाखवा, काय आणणार ते. ह्यांचीबी पोरं हायेत तिथं."

मी वाचून दाखवलं. तेव्हापासून ती पद्धतच पडली. शाळेत बैठक ठेवली की चार बाप्ये यायचे, खुर्च्यांवर बसायचे, चहा प्यायचे. बायकांना शेतातून यायला जमत नसे, आणि जमलं तरी त्या दाराशी उभ्या राहत. पण दळण तर प्रत्येकीला लागतंच. बाईंनी ओळखलं होतं की गावातल्या सगळ्या आया आठवड्यातून एकदा कुठे जमत असतील तर इथे. रीतसर बैठक आणि ठराव शाळेतच व्हायचे, पण त्याआधी विषय गिरणीवर चघळून झालेला असे. "तिथं जाऊन पयल्यांदा तोंड उघडायचं म्हणलं की जीभ चिटकती," त्या म्हणायच्या. "इथं आधी बोलून घ्या. मंग तिथं तेच बोलायचंय." पुढच्या ग्रामसभेत विजेच्या बिलाचा विषय तीन-चार जणींनी लागोपाठ काढला, आणि ग्रामसेवकांनी त्याच बैठकीत तो पंचायतीच्या खर्चात धरला. शाळेत पंखा फिरला तेव्हा पोरं वर बघत गोल गोल फिरत होती.

बाईंचा आणखी एक स्वभाव होता. त्या कुणाचं बोलणं मधेच तोडायच्या नाहीत; पण बोलून झालं की हमखास एकच विचारायच्या, "बराबर. मंग करायचं काय?" तक्रार करून मोकळं व्हायला आलेला माणूस या प्रश्नानं गडबडायचा. मीही अनेकदा गडबडलो. छत गळतं, असं मी तावातावानं सांगितलं आणि त्यांनी तो प्रश्न विचारला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं पंचायत समितीच्या कचेरीतून पाहणीसाठी तारीख घेऊन परत येत होतो.

एवढं सगळं असूनही पट उतरत होता. शहागडहून एका इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात यायला लागली होती. टाय लावलेली पोरं त्यात चढायची आणि आमची पोरं कुंपणाशी उभी राहून बघायची. मेंबरांचा नातू त्याच गाडीत जायचा. पाठोपाठ बोलवा आली की कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळांना जोडणार. आमची शाळा जोडायची तर महामार्गापलीकडच्या गावाला. त्या रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावतात. मोठ्या माणसालाही ओलांडायला थांबून राहावं लागतं.

बाईंची मुलगी समीक्षा तेव्हा चौथीत होती. हुशार, वर्गात माझं वाक्य संपायच्या आत उत्तर तयार. बाईंचे मालक जालन्याला एका बियाणं कंपनीच्या गोदामात कामाला होते, तिथेच खोली करून राहायचे. ते सुट्टीला आले की एकच विषय काढायचे, पोरीला जालन्याला नेऊ, चांगल्या शाळेत घालू. बाई "बघू" म्हणून वेळ मारून नेत.

शाळा जोडण्याचा विषय ग्रामसभेत निघाला तेव्हा बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, शाळा गावातच राहायला पाहिजे, त्यासाठी ठराव करा आणि ज्यांना जमतं त्यांनी पोरं परत आणा. मेंबर बसल्या जागेवरून म्हणाले, "तुला शाळा पायजेच ना, बाई. पोरगी काढली तर अध्यक्षपद जातंय. खुर्चीसाठी पोरीला अडकवून ठिवलं तू. तुझा नवरा जालन्याला न्यायला तयार हाय, हे काय आम्हाला ठाऊक न्हाई?"

सभेत कुणी हसलं. बाई खाली बसल्या. त्यांना गप्प झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मेंबरांना मी वाईट म्हणणार नाही. ते याच शाळेत शिकले होते, पंधरा ऑगस्टला पोरांना जिलेबी त्यांच्याच घरून यायची. पण समितीचा अध्यक्ष आपल्याला न विचारता बोलतो, ही गोष्ट त्यांना सलत होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई आल्या. वर्गाच्या उंबऱ्यावर बसल्या. आवाज इतका खाली की मला जवळ जावं लागलं.

"सर, एक खरं सांगा. तिचं इथं नुस्कान होऊन राह्यलं का?"

शाळेची बाजू घेणं सोपं होतं. पण विचारणारी अध्यक्ष नव्हती, आई होती. मी म्हणालो, "ताई, पाच वर्ग आणि आम्ही दोघं. तिला जेवढं देता येईल तेवढं मी देतो, पण सगळा वेळ तिला देता येत नाही. वाचन, गणित पक्कं आहे. जालन्यात तिला यापेक्षा जास्त मिळेलही. पण मिळेलच, असं मी छातीठोक सांगू शकत नाही."

"तिला इचारलं मी," त्या म्हणाल्या. "म्हणती, पाचवी इथंच करीन. पण लेकराचं काय, मैत्रिणी हायेत म्हणून म्हणत आसंल." मग उठल्या, लुगडं झटकलं. "मेंबर बोलले ते मला लागलं, कारण रात्री मीबी तेच इचारलं स्वतःला. बिलकुल खोटं हाय, असं छातीवर हात ठिवून म्हणता आलं न्हाई मला. लोक ऐकतात तर बरं वाटतं, सर. पयल्यांदाच ऐकून राह्यलेत."

पुढच्या बैठकीत त्यांनी राजीनामा दिला. मी समजूत घालायला गेलो तर त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोरगी ठिवली तर खुर्चीसाठी ठिवली म्हणतेत. नेली तर शाळा बुडवली म्हणतेत. मंग खुर्चीच सोडते. आता पोरगी इथं राह्यली, तर शिकायला राह्यली." त्या समितीवर साध्या सदस्य म्हणून राहिल्या आणि सतरंजीवर बाकीच्या बायकांमध्ये जाऊन बसल्या.

अध्यक्षपद घ्यायला कुणी पुढे येईना. शाळा जाणारच, तर तिच्या शेवटच्या कागदावर आपली सही कशाला, असं जो तो म्हणायचा. तसेच काही दिवस गेले. एका दुपारी गिरणीवर मी पोषण आहाराचा विषय बोलायला गेलो होतो. मेंबरांची सून राधा दळण घेऊन आलेली होती. ही मुलगी चार शब्द बोलायची नाही. गिरणी थांबली तशी ती खाली बघत म्हणाली, "सर, माझं पोरगं इथं आणलं, तर मला समितीत येता येईल का?"

बाईंनी विचारलं, "घरी इचारलं का, माय?"

"मालकाला इचारलं. हो म्हणाले." मग म्हणाली, "त्याला गाडीत घालून धाडते, तर दिवसभर तो काय करतो ते मला कळत न्हाई. वहीत सगळं इंग्रजी. इथं फळ्यावर काय लिहिलंय ते मला वाचता तरी येतं. आन् मामांजींचं मी बघते."

मामांजींचं तिनं काय आणि कसं पाहिलं, ते त्या घरालाच ठाऊक. मेंबर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण सोमवारी राधा पोराचं बोट धरून शाळेत आली. मेंबरांच्या घरचं पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत आलं म्हटल्यावर आणखी काही पोरं पिवळ्या गाडीतून उतरली. राधा अध्यक्ष झाली. पहिल्या बैठकीत तिनं कागदावर बोट ठेवून विषय वाचले. तिच्या शेजारी सतरंजीवर बसलेल्या बाई मधूनमधून नुसती मान हलवत होत्या.

पट आणि अंतर पडताळायला शिक्षण विभागाचे अधिकारी आले, मुलं मोजली, महामार्ग स्वतः ओलांडून पलीकडच्या शाळेपर्यंत चालत गेले आणि घाम पुसत परतले. "मी जसं आहे तसं लिहितो," एवढंच म्हणाले. शाळा जोडण्याचा आदेश आमच्या वाट्याला आला नाही. तो त्या अहवालामुळे आला नाही की पट सावरल्यामुळे, की वरच्या कुठल्या फाईलवर विषयच मागे पडला, हे मला आजही सांगता येणार नाही. शाळा राहिली, एवढं खरं. तिसरा शिक्षक मात्र कितीही मागून मिळाला नाही.

समीक्षानं पाचवी आमच्याकडेच केली. जूनपासून ती सहावीला शहागडच्या शाळेत एसटीनं जायला लागली. जालन्याचा विषय तिच्या वडिलांनी आठवीपर्यंत पुढे ढकलला. तिच्या वर्गातल्या दोन मुली मात्र सहावीला गेल्याच नाहीत. एकीच्या घरी एसटीची भीती, दुसरीच्या घरी धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नाही. बाईंनी दोन्ही घरांचे उंबरे झिजवले. एक घर 'बघू' म्हणालं. दुसरं तेवढंही म्हणालं नाही.

त्याच पावसाळ्यात माझी बदली झाली. जायच्या आधीची माझी शेवटची बैठक सहावी-सातवीचे वर्ग आपल्याच शाळेत सुरू करण्याची मागणी करण्यासाठी होती. वर्गवाढीचा ठराव समितीनं करायचा, मग तो पंचायत समितीकडे, तिथून जिल्हा परिषदेकडे जायचा. मागणी मान्य होईल याची खात्री कुणालाच नव्हती. राधानं विषय मांडायला सुरुवात केली आणि तिचं लक्ष दाराकडे गेलं. बाई वऱ्हांड्यात उभ्या होत्या.

"आत या ना, ताई."

"माझं पोर आता इथं न्हाई," बाई म्हणाल्या. "मला ठरावात बसता येत न्हाई."

"मत देऊ नका. बसा तर खरं."

बाई आत आल्या. मेंबर त्या दिवशी पंचायतीचे प्रतिनिधी म्हणून आले होते. त्यांना जागा द्यायला ते सतरंजीच्या कडेला सरकले. राधानं बाईंना बोलायला सांगितलं. बाई त्या दोन मुलींबद्दल बोलल्या. नाव न घेता, थोडक्यात. मेंबरांनी खाली बघत सगळं ऐकलं.

मग मी ठराव वाचला आणि म्हणालो, ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावेत. बायकांचे हात आधी वर गेले, मग बाप्यांचे. शेवटी मेंबरांनीही हात वर केला. मी मोजायला सुरुवात केली आणि माझी नजर बाईंवर गेली. हे वर्ग झाले तरी त्यांच्या मुलीला त्यांचा काही उपयोग नव्हता. वर गेलेल्या सगळ्या हातांकडे त्या डोळे भरून बघत होत्या, आणि स्वतःचे दोन्ही हात त्यांनी मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवून धरले होते.