लिंबाजी आबांनी उजवलेली गोष्ट

लिंबाजी आबा कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी पाणी मागत, तहान असो वा नसो. तांब्या आला की पाण्याकडे त्यांचं लक्षच नसे. तांब्या घासलेला आहे का, कोणी आणला, आणणाऱ्याच्या कपाळावर आठी आहे का, हे ते बघत. मग दोन घोट घेऊन उरलेलं तुळशीला घालत आणि मनातल्या मनात त्या घराचा निकाल लावून टाकत. मंठा तालुक्यात सोयरिकी जुळवण्याचं काम ते करत आणि तालुक्यातली अर्धीअधिक लग्नं अशी तांब्याभर पाण्यावर ठरलेली होती. ही सवय त्यांच्या इतकी हाडीमासी खिळली होती की जालन्याच्या स्टेशनात आगगाडीच्या इंजिनात पाणी भरताना बघून ते मला गंभीरपणे म्हणाले होते, "घर खाऊनपिऊन बरं दिसून राह्यलं. पण तापट हाय."

तो काळ निजामाचा. मी मंठ्याच्या शाळेत मराठी शिकवत होतो आणि फावल्या वेळात गोष्टी लिहीत होतो. गोष्टी छापणारी मासिकं सगळी हद्दीपलीकडे, पुण्या-मुंबईला. मी पाठवायचो आणि ते परत करायचे. आमचा टपालवाला माणूस मोठा प्रेमळ. गल्लीच्या तोंडाशीच तो ओरडायचा, "मास्तर, आली बरं का परत!" त्यामुळे माझी नामुष्की मला कळायच्या आधी शेजाऱ्यांना कळत असे.

अशाच एका दिवशी आबा माझ्या दारात उभे राहिले. कुणाच्या तरी मुलीसाठी ते मला बघायला आले होते. रिवाजाप्रमाणे त्यांनी पाणी मागितलं. नुकतंच परत आलेलं पाकीट माझ्या हातात होतं आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. मी त्यांना तांब्या दिला तो रिकामाच. आबांनी आत डोकावून बघितलं, तांब्या उपडा करून बघितला आणि शांतपणे खाली ठेवला.

"नवरदेव म्हणून तुमी बाद," ते म्हणाले. "पण एवढं दुःख कशाचं हाय ते सांगा."

मी पाकीट दाखवलं. आबांना अक्षरओळख नव्हती, म्हणून मीच चिठ्ठी वाचली, "जागेअभावी साभार परत."

आबा मांडी ठोकून हसले. "जागा न्हाई? अवो, पोरगी पसंत न्हाई म्हणायचं तोंड होत न्हाई, तं लोक पत्रिका जुळत न्हाई म्हणत्यात. तसलंच हे. किती येळा परत आली?"

"मोजणं सोडून दिलंय."

"अन् पाठवली कशी व्हती?"

"टपालानं."

आबांचा चेहराच उतरला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पोटच्या पोरीला बाजारात सोडून आलो होतो. "एकटी? सोबत कोणी न्हाई? परक्या मुलखात, परक्या माणसाच्या दारात लेक एकटी जाऊन उभी राह्यली, तं कोण इचारील तिला? मास्तर, ही सोयरीक आता माझ्याकडं."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण आबांचा एक नियम होता आणि तो साऱ्या तालुक्याला ठाऊक होता. हातात घेतलेलं काम उजवल्याशिवाय ते दुसरं काम धरत नसत. उजवणं म्हणजे लग्न लावून देणं. तोवर दुसऱ्या कुणाची मुलगी ते बघतही नसत. लग्नसराई तोंडावर आली आणि लिंबाजी आबा कोणाकडेच जाईनात. मुलींच्या बापांनी कारण विचारलं, तर आबा म्हणत, "मास्तरची एक हाय. ती उजवू द्या."

झालं! माझ्या दारात गाड्या सुटू लागल्या. जांबचे किसनराव पाटील तर ओसरीवर ठाणच मांडून बसले. त्यांच्या मुलीसाठी केदारखेड्याचं स्थळ हाती आलं होतं आणि मधे माझी गोष्ट आडवी पडली होती. "मास्तर," ते म्हणाले, "तुमच्या त्या कागदापायी माझी पोरगी घरी बसून राह्यली. वाचा बरं, काय कमी हाय तिच्यात."

मी वाचली. गोष्ट साधी होती. एक माणूस बाजारात आपला बैल विकतो आणि मग विकत घेणाऱ्याच्या मागे मागे दिवसभर नुसता चालत राहतो. काही बोलत नाही, काही मागत नाही. बैल वळून बघेल एवढीच त्याची आशा. किसनराव म्हणाले, बैलाला दात किती ते लिहिलंच नाही. दुसरे एक बाप म्हणाले, गोष्टीत देव पाहिजे. तिसऱ्यांच्या मते एक लढाई असती तर बरं झालं असतं. त्यांच्या मुली खोळंबल्या होत्या, मी अपराधी होतो. मी सगळं घातलं. बैलाचे दात आले, देव प्रसन्न झाला आणि बैलबाजारात तलवारी निघाल्या.

आबांनी ती नवी गोष्ट ऐकली आणि कपाळावर हात मारला. "मास्तर, गावभरचे दागिने मागून आणले अन् पोरीला घातले, तं ती नवरी दिसत न्हाई, चोर दिसती. काढा समदे." मी तलवारी काढल्या, देव काढला. दात मात्र किसनरावांच्या समाधानासाठी ठेवले. ते अजून आहेत.

मग आबा आणि मी पुण्याला निघालो. गोष्ट नव्या खणात बांधलेली, वर नारळ. जालन्याला गाडीत बसलो. संस्थानाच्या हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. बाहेर जाणाऱ्या मालावर तिथे जकात घेत. तिथल्या मुन्शींनी खणाचं गाठोडं बघून विचारलं, "गठडी में क्या है?"

"लेक हाय," आबा सहज म्हणाले. "लडकी. पूना को दिखाने ले जारे."

"लडकी? गठडी में?" मुन्शी ताडकन उठले. शिपाई धावले. आम्हाला खाली उतरवलं. गाठोडं सुटलं आणि आतून कागद निघाले, तेव्हा मुलगी निघाली असती तर बरं झालं असतं, असं सगळ्यांना वाटलं. मराठी कागद म्हणजे सरकारविरुद्ध काहीतरी असणार, हा त्या दिवसांतला ठरलेला संशय. मुन्शींना मराठी येत नव्हतं. त्यांनी हुकूम सोडला, "पढो."

मी वाचू लागलो आणि आबा दखनीतून सांगू लागले. आबांची दखनी बेताची, शिवाय समोर सरकारी अंमलदार, त्यामुळे ते बैलालाही "बैलसाब" म्हणत होते. निम्म्यावर आलो तेव्हा मुन्शींनी आपली टोपी काढून टेबलावर ठेवली. शिपाई दाराशी येऊन उभे राहिले. आमच्या गाडीने शिटी दिली, गाडी निघून गेली. कोणी मान वळवली नाही.

"फिर?" मुन्शी म्हणाले. "पलट के देखा उसने?"

"न्हाई देखा," आबा म्हणाले.

मुन्शींनी टेबलावरची टोपी उगाच फिरवली. मग म्हणाले, "हमारे वालिद ने घोडी बेची थी. वो भी नहीं पलटी. बिलकुल सच्ची बात है." त्यांनी जकात तर घेतली नाहीच, उलट पुढच्या गाडीपर्यंत आम्हाला जेवू घातलं. माझ्या गोष्टीला मिळालेली ती पहिली दाद. ती सरकारी नाक्यावर, तीही आरोपी म्हणून उभं असताना मिळाली. पण एवढा आनंद मला पुढे कुठल्याच अभिप्रायाने झाला नाही.

पुण्यात मासिकाचं कार्यालय म्हणजे एक खोली होती. जमिनीपासून आढ्यापर्यंत कागदांचे गठ्ठे, आणि मधोमध संपादक. सज्जन गृहस्थ होते. मान वर न करता म्हणाले, "ठेवून जा. सवडीने पाहू." आबांनी पाणी मागितलं. संपादकांनी लेखणीनेच कोपऱ्यातला माठ दाखवला.

आबा माठाकडे गेले नाहीत. ते गठ्ठ्यांकडे बघत राहिले. "ह्या समद्या कुणाच्या?"

"आलेलं साहित्य आहे."

"अन् हिच्या डोक्यावर चहाचा कप कशापायी ठिवला?"

संपादकांनी पहिल्यांदाच मान वर केली. कप उचलला, तर खालच्या कथेवर गोल डाग उमटलेला. जरा ओशाळून त्यांनी आमच्या गाठोड्याकडे हात पुढे केला. आबांनी गाठोडं काखेत मारलं.

"माफी करा. आमाला घर पसंत न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजे घर वाईट हाय असं न्हाई. आमच्या पोरीला बराबर न्हाई, एवढंच. तुमी धीर सोडू नका. आज न्हाई तं उद्या तुमालाबी कुठली तरी चांगली गोष्ट भेटल." आणि रामराम करून आबा बाहेर पडले. संपादकांचा पुढे केलेला हात तसाच हवेत होता. जन्मभर त्यांनी साभार परत केलं असेल. साभार परत होण्याचा त्यांना सराव नव्हता.

परतीच्या गाडीत मी आबांकडे पाठ करून बसलो. शेवटी राहवेना तेव्हा फुटलो. "आबा, पुरे झालं हे. मी आता लिहिणार नाही. तुम्ही मोकळे. किसनरावांच्या मुलीचं बघा." मी ते रागाने म्हटलं नव्हतं. माझं खरंच ठरलं होतं.

आबा शेंगा सोलत होते. "मास्तर, माझं लगीन का न्हाई झालं, हे तुमी कधी इचारलं न्हाई."

खरंच, कोणीच विचारलं नव्हतं. साऱ्या तालुक्याची लग्नं लावणारा माणूस सडाफटिंग होता आणि ते कुणाला खटकलंही नव्हतं.

"जिथं जिथं गेल्तो तिथून नापसंत होऊन आल्तो," आबा म्हणाले. "कुठं डोळा तिरपा म्हणले, कुठं वावर खडकाळ म्हणले. एका घरी तं पोरीनं खिडकीतून बघितलं अन् हसत पळाली. आमचे बैलबी शरमून गेल्ते. लई दिवस वाटलं, आपल्यातच खोट हाय. मंग कळलं, त्या दारात आपण बसत न्हाई, एवढंच. पुढलं दार बघायचं. तसं बघता बघता तालुक्याची समदी दारं माहीत झाली, तोच धंदा झाला. मला निसता हा तिरपा डोळा घेऊन फिरावं लागलं, मास्तर. तुमच्यापाशी तं गोष्ट हाय." आणि त्यांनी सोललेल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. लिहिणार नाही, हे वाक्य मी पुन्हा उच्चारलं नाही.

थोड्या दिवसांनी पुण्याहून पत्र आलं. संपादकांना झोप लागेनाशी झाली होती. आपल्या कार्यालयात काय उणं आढळलं, ते कृपया कळवावं, आणि ती कथा एकवार पाहायला मिळावी, अशी विनंती होती. मी लगेच निघालो होतो; आबांनी सदरा धरून मागे ओढलं. "मुलीकडच्यानं लगेच हो म्हणू नये." त्यांनी माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं: आधी गठ्ठे झटका, कप हलवा, मग बोलू. तोवर किसनराव मला मारायच्या बेतात आले होते. पण संपादक खरंच मोठ्या मनाचे निघाले. गठ्ठे झटकल्याचं त्यांनी लेखी कळवलं, आणि आबा स्वतः जाऊन गोष्ट पोचवून आले.

अंक आला. मी अधाशासारखा उघडला. गोष्टीचं नाव बदललेलं होतं. मी ठेवलेलं साधं नाव जाऊन तिथे लांबलचक, नटवं नाव आलं होतं. मी आबांकडे जाऊन अक्षरशः रडलो.

"अवो, सासरी गेली की नाव बदलतंच," आबा म्हणाले. "तुमाला वळखू आली का न्हाई? मंग झालं."

त्या लग्नसराईच्या उरलेल्या दिवसांत तालुक्यात एवढी लग्नं लागली की वाजंत्रीवाले आडवे पडले. किसनरावांची मुलगी केदारखेड्याला गेली. प्रत्येक मांडवात माझा मान नवरीच्या मामाच्या खालोखाल होता. मी जेवलो, मिरवलो, आणि एक ओळही लिहिली नाही. एक छापून आली होती. दुसरी परत आली तर काय, या भीतीने मी लेखणीला हात लावत नव्हतो.

पुढच्या थंडीत आबांनी अंथरूण धरलं. मी गेलो तेव्हा किसनराव पायाशी बसले होते. आबांचा आवाज खोल गेला होता.

"थोरली नांदून राह्यली. आता धाकटी कुठंय?"

"धाकटी नाही झाली, आबा."

"खोटं नका बोलू. तोंडावरून दिसून राह्यलं. पोटात हाय. सांगा."

पोटात काहीच नव्हतं. पण त्या माणसाला नाही म्हणणं मला जमेना. मी तोंडाला येईल ते सांगू लागलो. एक बाई होती, ती रोज नदीवर जायची आणि घागर न भरताच परत यायची. आबा मधून मधून विचारत होते, "नवरा काय करतो? सासू जिती हाय का?" मी उत्तरं देत होतो आणि ती बाई माझ्यादेखत उभी राहत होती. ऐकता ऐकता आबांचा डोळा लागला. तो पुन्हा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी सारा तालुका लोटला होता. लग्न लागलेली जोडपी पोराबाळांसह आली होती. सरण पेटल्यावर सगळे मागे सरले. मी एका बाजूला उभा राहून मुकाट्याने रडत होतो. किसनराव जवळ आले, उपरण्याने डोळे पुसले आणि हळूच म्हणाले,

"मास्तर, आबाला तं अर्धीच ऐकाया भेटली. पण ती बाई घागर का भरत नव्हती?"

मला ठाऊक नव्हतं.

"उद्या सांगतो," मी म्हणालो. घरी आलो, अंघोळ केली आणि लिहायला बसलो.