मथुरेनं धुतलेली काच

मथुरा गोताड काचेची कुपी धुवायला बसली की तिच्याशी कुणी बोलायचं नाही. साबण, नळाचं पाणी, मग यंत्रातलं शुद्ध पाणी सात वेळा. शेवटी कुपी खिडकीकडे धरून बघायचं. पाणी काचेवरून सपाट पडद्यासारखं उतरलं तर कुपी पास. कुठं एक थेंब जरी अडून बसला, तरी परत पहिल्यापासून. मंडणगडच्या डोंगरातली ही बाई सातवी शिकलेली. नवऱ्याला रत्नागिरीत काम लागलं म्हणून इकडे आली, आणि अठरा वर्षं इथल्या एका प्रयोगशाळेत भांडी धुतेय. भांडी म्हटलेलं मात्र तिला खपत नाही. "भांडी घरात. हितं काच," म्हणते.

यंदा एप्रिलात कोरड्या बर्फाच्या धुरातून एक इवलीशी शिशी आली, आणि प्रयोगशाळेचं लग्नघर झालं. निशिगंधा, मुरुडची पोर, तिथं संशोधन करते. ती शिशी हातात धरून नाचायचीच काय ती बाकी होती.

"मावशी, ह्यात माणसाच्या अंगातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. पण माणसातून काढलेलं नाही हां! ते कसं घडवायचं ते माणसाच्या जनुकात लिहिलेलं असतं. तेवढा तुकडा उचलून जंतूंच्या पोटात घातला, आणि त्यांनी ते बनवून दिलं."

"म्हंजे भाकरी आपली, चूल दुसऱ्याची."

"अगदी तस्संच! आपल्या अंगातली काही संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, आधी लांब माळेसारखी असतात. हे विकर ती माळ ठरल्या मण्याशी तोडतं, मग कुठे संप्रेरक कामाला लागतं. हे तोडणं आपल्याला मोजायचंय."

"मंग आमच्या ह्यांच्या शुगरला वायच एक थेंब..."

"नाही हो मावशी! औषध नाही ते. नुसतं प्रयोगापुरतं."

"ऱ्हाऊ दे तर. एवढ्याशा शिशीत त्यांचा काय व्हायाचा!"

शिशीतल्या औषधाचे, म्हणजे औषध नव्हे त्याचे, निशिगंधेनं चार वाटे केले आणि गोठवून ठेवले. यंत्रात माळ तुटली की उजेड पडायचा, आणि पडद्यावरची रेघ वर चढायची. पहिला वाटा वापरला. रेघ पडून राहिली. दुसरा वापरला. रेघ उन्हातल्या म्हशीसारखी जागची हलेना. तिसऱ्यालाही तेच. गुरुवारी प्रमुख आले, विनीत सर. मोठा हुशार माणूस, पण वैतागला की हाताशी दिसेल त्याला धरायचा.

"साबण राहिलाय कुप्यांमध्ये. साबणानं विकर मरतं. मथुराबाई, उद्यापासून तुम्ही झाडलोट बघा. काच दुसरं कुणी धुवेल."

"सर, पाणी उतरवून बघा की. एक थेंब अडला तर सांगा."

"डोळ्यांना दिसण्याएवढा लागत नाही साबण."

संध्याकाळी तिच्या मोरीजवळ नवाकोरा झाडू उभा होता. मथुरा त्याच्याकडे बघून घरी गेली. रडलीबिडली नाही. पण अठरा वर्षांच्या हाताला खोट लावली, ती खोटी कशी पाडायची, हे तिच्या डोक्यात रात्रभर करवतीसारखं चाललं होतं.

शुक्रवारी दुपारी तिनं इमारतीमागं गोणपाट पसरलं आणि गावाहून आणलेला फणस कापायला घेतला. बरका, चिकानं भरलेला. तेलाची वाटी शेजारी. दोन्ही हातांना तेल, कोयतीला तेल, आणि मग घाव. निशिगंधा डबा घेऊन तिथंच पायरीवर बसली, तोंड एवढंसं करून.

"शेवटचा वाटा राहिलाय, मावशी. आज गेला की संपलं."

"माजाबी आजच संपला म्हण. काय गो, ता इकर असता किती?"

"मोहरीच्या दाण्याचासुद्धा हजारावा भाग नाही. ते पाण्यात पातळ करायचं, मग आणखी पातळ. चार कुप्यांतून."

"चार?" मथुरेचा हात थांबला. "एवढासा, आणि चार भांडी फिरवतंस? चिकट हाय काय ता?"

"चिकट म्हणजे..."

"ह्या चिकासारका गो. कोरा हात घालून बघ, सगला हाताला बसल. आदी तेल लावला, म्हंजे त्याला बसाया जागाच नाय. तुजी काच कोरी. मीच कोरी करून दिली ना!"

निशिगंधेच्या तोंडातला घास तिथंच राहिला. मग ती अशी उठली की डबा पायरीवरून गडगडत खाली.

"मावशी! काचेला चिकटतंय ते! चार कुप्यांत चार वेळा! कुप्या घाण नाहीत, फार स्वच्छ आहेत!"

"पण तेल नको घालू गो!" मथुरा तेलकट हातांनी मागून धावली.

तेल नव्हतंच घालायचं. फ्रीजमध्ये अल्ब्युमिन नावाचं साधं प्रथिन होतं. ते आधी घालायचं, म्हणजे काचेवर तेच जाऊन बसतं आणि विकर मोकळं राहतं. "पुस्तकात लिहिलंय हे! मोजताना दुसरं प्रथिन मधे नको म्हणून मीच गाळलं. मीच!" निशिगंधा स्वतःला शिव्या देत हसत होती.

मथुरा हात धुऊन आली आणि म्हणाली, "अर्ध्या कुप्या कोऱ्या ठेव. धुनार सगल्या मीच. साबन असला तर दोनीकडं मरल."

तिनं आठ कुप्या धुतल्या. सात पाणी, खिडकी, पडदा. निशिगंधेनं चारांना अल्ब्युमिन फिरवलं, चार तशाच ठेवल्या, आणि शेवटचा वाटा दोहोंत अर्धा-अर्धा केला. विनीत सरही येऊन मागं उभे राहिले.

कोऱ्या कुप्यांची रेघ पडलेलीच राहिली. दुसरी वायच हलली. मग उचलली. मग जी चढत सुटली, ती पडद्याच्या टोकाला जाईपर्यंत थांबलीच नाही.

"चढली गो बाय! चढली!" मथुरेनं निशिगंधेच्या पाठीत असा धपाटा घातला की पोर यंत्रावर आपटता आपटता वाचली.

सरांनी चष्मा पुसला. रेघ पुन्हा बघितली. "दोन्हीकडच्या कुप्या... तुम्हीच धुतल्या होत्या?"

"एका पान्यात, एका हातानं."

"मग साबण नव्हता," सर म्हणाले. एवढंच म्हणाले, पण सगळ्यांदेखत म्हणाले.

मथुरा मोरीकडं गेली, नवाकोरा झाडू उचलून आणला आणि सरांच्या हातात दिला.

"ह्यो कुटं ठेवायचा ता तुमी बगा. माज्या कुप्या पडल्यात धुवायच्या. आनि मागं फनस हाय, खायाचा आसला तर आदी तेल लावा हाताला."