मुक्ताताईंचा नवा फोन आणि अंजिरी लुगडं

तिसरी घंटा झाली की पडद्यामागे भल्याभल्यांचे हातपाय गार पडत. मुक्ताताईंचे हात मात्र तेव्हाच चालायला लागत. कुणाची निरी सुटलीय, कुणाचा शेला घसरतोय, हे त्यांना अंधारातही दिसे. गावोगाव फिरणाऱ्या एका नाटक मंडळीचा कपडेपट त्यांनी उभं आयुष्य सांभाळला. राजा असो वा शिपाई, त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुणी प्रकाशात पाऊल टाकत नसे. मंडळी बंद पडली, तेव्हा मालकांनी लुगड्यांच्या ट्रंका त्यांच्या हवाली केल्या. त्या घेऊन मुक्ताताई कर्वेनगरच्या दोन खोल्यांत आल्या आणि नऊवारी भाड्याने देऊ लागल्या. मंगळागौर, शाळेचं गॅदरिंग, सोसायटीचं नाटक, सगळीकडून बोलावणं येई.

पूर्वी बायका घरी येत, पदर खांद्यावर टाकून आरशात बघत, चहा घेत. आता म्हणतात, “फोटो पाठवा.” आणि मुक्ताताईंच्या जुन्या फोनला वांगी आणि काळा यांतला फरकच कळेना. गिऱ्हाईक दुसरीकडे वळू लागलं. शेवटी त्यांनी भाच्याला, संजयला, हाक मारली आणि दोघं कोथरूडच्या एका दुकानात गेले.

“आजी, हा बघा. दोनशे मेगापिक्सेल!” दुकानातली मुलगी म्हणाली.

“ते पोळीबरोबर खातात की भाताबरोबर?”

संजय हसला. “आत्या, आकड्यावर जाऊ नकोस. आकड्यानं फोटो मोठा होतो, चांगला होईलच असं नाही. उजेड कमी असताना कसा येतो ते बघ.”

हे मात्र त्यांना पटलं. उजेडाशी त्यांची जुनी ओळख होती. पिशवीतून त्यांनी अंजिरी खणाचा तुकडा काढला आणि काउंटरच्या कोपऱ्यातल्या सावलीत ठेवून चार फोनांवर फोटो काढायला लावले. पहिल्यात जरीची तार फिसकटली. दुसऱ्याने खणाचं विणकाम असं गुळगुळीत केलं, की मेणकापडच वाटावं. तिसऱ्यात खण जसाच्या तसा आला, गंभीर, जरासा अबोल. आणि चौथ्यात तो असा झळाळून उठला, जणू कुणी वरून दिव्याचा झोत सोडला होता!

“हाच,” मुक्ताताई म्हणाल्या.

“आत्या, हा जरा जास्तच बोलतोय. तिसरा घे.”

“तिसऱ्याचा चेहरा पडलाय रे. शेवटच्या रांगेतल्याला दिसायला नको?”

“इथे कुठली आलीय शेवटची रांग?”

“गप. तुला काय कळतंय त्यातलं!”

चौथा फोन घरी आला. श्रावण तोंडावर होता. कोथरूडच्या कुसुमताईंनी नव्या सुनेच्या, स्पृहाच्या, पहिल्या मंगळागौरीसाठी लुगडं मागितलं. हे घर मुक्ताताईंचं जुनं गिऱ्हाईक. त्या एका घरामुळे आणखी कितीतरी घरं जोडली गेली होती. त्यांनी अंजिरी नऊवारीचा फोटो पाठवला. सासू-सुना दोघी खूश झाल्या. स्पृहाने फोटो दाखवून ब्लाउजही शिवून घेतला. आदल्या दुपारी लुगडं पोचलं आणि पाठोपाठ फोन आला.

“मुक्ताताई, आपल्याकडून दुसरंच लुगडं आलंय का?”

“नाही हो, तेच आहे.”

“मग फोटोत ते मेकअप करून बसलं असावं. आमचा ब्लाउज राणी रंगाचा झालाय. राहू दे, आम्ही बघतो काहीतरी.”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ‘राहू दे’ म्हणजे दार लोटून घेणं, हे मुक्ताताई जाणून होत्या. त्यांनी ट्रंक उघडली, एक मोरपंखी लुगडं गाठोड्यात बांधलं आणि रिक्षा केली.

कुसुमताईंच्या गॅलरीत अजून ऊन होतं. मुक्ताताईंनी अंजिरी लुगडं आणि फोनमधला फोटो शेजारीशेजारी धरले. सख्ख्या बहिणी म्हणूनही ती दोन खपली नसती.

“फोनच खोटारडा निघाला, तुम्ही काय करणार!” स्पृहा समजुतीने म्हणाली.

“नाही गं. असा बोलतो म्हणूनच तर मी त्याला निवडला. नाटकात भडक लागतं, पण तिथला प्रेक्षक तिकीट काढून येतो, त्याला सगळं ठाऊक असतं. तू कुठे तिकीट काढलं होतंस?”

मोरपंखीचा काठ राणी रंगाचा होता. ब्लाउज त्याला शोभला, आणि दुसऱ्या दिवशी स्पृहा त्यात मनसोक्त फुगड्या खेळली. कुसुमताईंनी मुक्ताताईंनाही आग्रहाने बोलावून फराळाला बसवलं. निरोप देताना मात्र हळूच म्हणाल्या, “यापुढे मी येऊन बघत जाईन हो. फोटोवर नको.”

फराळ विसरला, तेवढं वाक्य मुक्ताताईंच्या मनात उरलं. चौथा फोन त्यांनी संजयला देऊन टाकला आणि त्याला घेऊन पुन्हा दुकान गाठलं. या वेळी तिसरा फोन हातात घेतला, पण त्याच्याच पडद्यावर विश्वास ठेवला नाही. तिथल्या तिथे फोटो संजयच्या नेहमीच्या फोनवर पाठवला आणि पायरीवरच्या उन्हात खणाशी ताडून पाहिला. आत येऊन ट्यूबलाइटखाली तेच केलं. अगदी जवळून जरीची तार टिपली. मग थरथरत्या हाताने एक फोटो मुद्दाम काढला. तोही स्थिर आला. रंग खुलवणारी सोय त्यांनी संजयकडून बंद करून घेतली.

नवरात्रात, भोंडल्याच्या आधी, त्यांनी आपण होऊन कुसुमताईंना एक निळसर चिंतामणी रंगाचं लुगडं पाठवलं. म्हणजे त्याचा फोटो. पदराची रफूसुद्धा वेगळी दाखवली. खाली लिहिलं, “रंग जरा उदास आहे. सवडीने येऊन बघून जा.”

संध्याकाळी उत्तर आलं, “आमच्या वयाला उदासच शोभतो. रफूही आवडली, कुणीतरी जपलंय ते. येत नाही बघायला, पाठवून द्या.”

मुक्ताताईंनी लुगडं इस्त्रीला काढलं.