पानाची पाठ

ग्रंथालयात सगळे त्यांना जुळारीकाका म्हणत. छापखान्यात त्यांनी एकतीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. छापखान्याला टाळं लागलं तेव्हा ग्रंथालयाने त्यांना जुन्या पुस्तकांची पारख करायला ठेवून घेतलं. जागेची चणचण, म्हणून लोकांनी आणून दिलेल्या जुन्या पुस्तकाची एकच प्रत ठेवायची, तीही मूळ, खिळ्यांवर छापलेली. तिचेच फोटो घेऊन पुढे काढलेल्या ऑफसेट प्रती लगद्याला जायच्या. दिसायला दोघी जुळ्या बहिणी. पण खिळा कागदात रुततो आणि पानाच्या पाठीवर त्याचा उठाव येतो; ऑफसेटची पाठ गुळगुळीत राहते. काका डोळे मिटून पाठीवर बोट फिरवत आणि निकाल देत.

ग्रंथपालबाई एकदा भीतभीत म्हणाल्या, "काका, भिंगातून शाईची कडही बघून घ्यावी का?"

"भिंग नवशिक्यांना, बाई. आमची बोटं अजून पेन्शनीत निघालेली नाहीत."

मग एका नावाड्याने लिहिलेलं नदीचं पुस्तक आलं. प्रती दोन, त्यातली एक मूळ आणि जगात ती एवढीच उरलेली, असं बाईंनी बजावलं होतं. काकांना दोन्ही पानं गुळगुळीत लागली. बाइंडरने शिकंज्यात दाबून उठाव बसवला असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली, जाडसर कागदाची प्रत ठेवली आणि दुसरी लगद्याच्या गठ्ठ्यात टाकली.

दोन दिवसांनी सकाळी त्यांनी शेगडीवरचं झाकण उचललं. बायको ओरडली नाही. तिने फक्त त्यांचा हात धरून नळाखाली नेला.

"अहो, तीन बोटांना फोड आलेत. चटका कळला नाही तुम्हाला?"

नव्हता कळला. वर्षभरापासून रक्तातली साखर वाढलेली होती, औषधाला ते टाळाटाळ करत होते.

ओली पट्टी गुंडाळून ते तसेच ग्रंथालयात गेले आणि ठेवलेली प्रत भिंगाखाली धरली. अक्षरांना खिळ्याच्या दाबाने उमटणारी शाईची कड नव्हती. सपाट, एकसारखी शाई. ऑफसेट. लगद्याची गाडी आदल्या दिवशीच गेली होती.

 बाई म्हणाल्या, चूक कोणाच्याही हातून होते, एका पुस्तकाचं इतकं मनाला लावून घेऊ नका.

"एक नाही, बाई." काका खुर्चीत बसले. "वर्षभर मला सगळंच गुळगुळीत लागतंय. मी म्हणायचो, हल्ली लोक ऑफसेटच आणून देतात."