आचाऱ्याची मुलगी जेवत नाही

लग्नसराईत मी एका दिवसात हजार-बाराशे माणूस जेवू घालतो. औरंगाबाद रोडवरच्या लॉन्समध्ये माझ्या भट्ट्या पेटल्या की मांडवातली माणसं अक्षता टाकायच्या आधीच मागच्या बाजूला डोकवायला लागतात. मी वरण साधंच करतो, पण दोन्हीकडचे व्याही मानपानावरून भांडत असले तरी माझं वरण दोघंही पुन्हा मागून घेतात. बढाई वाटत असेल तर वाटू द्या, मी मारतोच. आणि अशा माणसाच्या घरात सात महिन्यांची पोर चमचाभर मुगाचं पाणी गिळत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मुलगी आमची पहिलीच, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. जन्मली तेव्हा लगेच रडली नव्हती. काचेच्या पेटीत ठेवलं, मग घरी सोडलं, आणि आम्हाला वाटलं, सुटलो एकदाचे. अंगावर प्यायची, पण पिता पिता दमायची. दोन घोट, मग धाप, मग झोप. बायको तासन्तास मांडी घालून बसलेली. ‘अहो, निम्मं दूध बाहेरच येतंय हिच्या तोंडातून,’ म्हणायची. पोर काही अंग धरेना. सहावा महिना सरला तेव्हा डॉक्टरबाईंनी तिला काट्यावर ठेवलं आणि सांगितलं, आता नुसत्या दुधावर भागायचं नाही. दूध चालूच ठेवा, पण जोडीला वरचं अन्न सुरू करा, मऊ आणि पातळ. महिन्याभरात वजन वाढलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

नळी! शब्द ऐकला आणि माझं टाळकंच फिरलं. आचाऱ्याच्या पोरीनं नळीनं जेवायचं? मी छाती पुढे काढून म्हटलं, ‘बाई, वरच्या अन्नाचं माझ्यावर सोडा. नळीबिळी काही लागत नाही.’ बाई हसल्या नाहीत. पुढच्या महिन्याची तारीख लिहून दिली.

उष्टावण मामानं करायची म्हणून येवल्याहून मेहुणा आला. तांदळाची खीर केली होती. मेहुण्यानं पोरीला मांडीवर घेतलं, सोन्याची अंगठी खिरीत बुडवून तिच्या ओठांना लावली, बायकांनी टाळ्या वाजवल्या. पोरीनं जीभ बाहेर काढली आणि खीर हनुवटीवर आली. दुसऱ्या वेळी त्यानं चमचा जरा आत घातला, तर असा ठसका लागला की पोरीचे डोळेच फिरले. पाठ चोळून चोळून ती सावरली. मेहुणा घामाघूम. ‘दाजी, माझाच हात जड आहे वाटतं,’ म्हणाला.

‘हात कसला जड? खीर घट्ट झालीय,’ मी म्हटलं. खीर बायकोनं केली होती. झालं, दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की. पानात उरलं तर चूक करणाऱ्याची, जेवणाऱ्याला नाव ठेवायचं नाही. तोच हिशोब मी घरी लावला. मुगाचं कढण केलं, साळीच्या लाह्यांचं पाणी केलं, नाचणीचं सत्त्व काढलं. मीठ-साखर घालायची नाही अशी डॉक्टरबाईंची सक्त ताकीद. मग चव आणायची कुठून? मूग मंद आचेवर खमंग भाजून घ्यायचो. थेंबभर तुपात जिरं तडतडवायचं आणि तूप ठेवून जिरं काढून टाकायचं. भोपळा नुसता उकडण्याऐवजी भाजायचा, म्हणजे त्याचा त्याचा गोडवा वर येतो. माझी भट्टीवरची माणसं कामाचं विचारायला घरी आली की बघत राहायची. ‘शेठ, लग्नाचं पण एवढं मन लावून नाय करत तुम्ही,’ एक जण म्हणाला. खरंच होतं त्याचं.

आणि पोर? चमचा दिसला की मान फिरवायची. तोंडात गेलंच तर गालात तसंच पडून राहायचं. मग ओघळायचं, नाहीतर ठसका. मी चिऊकाऊचे घास भरवले, झारा वाजवून दाखवला, माकडासारख्या उड्या मारल्या. तिला हसू यायचं, मोठं गोड हसायची, पण घास काही उतरायचा नाही. मी हात टेकले. संध्याकाळी सगळ्या वाट्या एकत्र करून मीच पिऊन टाकायचो.

बायको शेजारी बसून हे सगळं बघत असायची. एकदा म्हणाली, ‘अहो, भूक आहे तिला. वाटी बघून पाय झाडते. पण आत गेलं की घाबरते. दूध पितानासुद्धा असंच होतं तिचं. मला काहीतरी वेगळंच वाटतंय.’

‘तुला काय वाटायचंय! जिरं जास्त झालंय आज,’ मी म्हटलं.

महिना भरत आला आणि पोरीला ताप चढला. छाती घरघरायला लागली, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायच्या. रिक्षात घालून दवाखाना गाठला. न्यूमोनिया निघाला. तो उतरल्यावर डॉक्टरबाईंनी एक तपासणी करायला लावली. एक्स-रेच्या मशीनपुढे धरून पोरीला चमच्यानं पांढरं औषध पाजायचं आणि ते कुठून कुठं जातं ते पडद्यावर बघायचं. बघायला आम्हा दोघांनाही बोलावलं. पडद्यावर आमच्या पोरीचा एवढासा गळा. औषध जिभेवर आलं, बराच वेळ थांबलं आणि मग घसरलं ते सरळ श्वासाच्या वाटेला.

‘दर घोटाला हेच होतंय,’ बाई म्हणाल्या. ‘दुधाच्याही. जन्मताना श्वास उशिरा आला, त्यात मेंदूला इजा झालीय. गिळायचं कसं हे तिला कळतच नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही काय शिजवलं, कसं शिजवलं, याचा काहीएक संबंध नाही.’

बिचाऱ्या धीर द्यायला बोलल्या. पण मला लागलं ते नेमकं तेच. जिरं कमी-जास्त होत होतं तोवर उद्या काहीतरी करता येणार होतं. पातळ करू, भाजून बघू, तूप बदलू. आता काय बदलणार होतो मी?

‘पुढे मागे शिकेल ना हो?’ बायकोनं विचारलं.

‘काही मुलं शिकतात. व्यायाम सुरू करू आपण. पण हिचं बघता मी तुम्हाला आशा लावत नाही. नाकातली नळी काही महिने, मग पोटातूनच घालावी लागेल. आणि आता तोंडानं काही द्यायचं नाही. अंगावरही पाजायचं नाही.’

बायकोनं तेव्हा पोरीला पदराखालीच घेतलं होतं, नुकतंच. तिनं बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पोरीला हळूच बाजूला केलं. पोर रडायला लागली. मला त्या खोलीत थांबवेना, मी बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो.

नळी घातली. गालावर चिकटपट्टी लावली. नर्सनं सगळं शिकवलं. नळी जागेवर आहे ना ते आधी बघायचं, पोरीला उभं धरायचं, सिरिंजचा दांडा काढून ती उंच धरायची आणि वरून ओतायचं, मग ते आपोआप उतरतं. एका वेळी बायकोनं काढून ठेवलेलं दूध, एका वेळी अन्न, दुधासारखं पातळ, फडक्यातून गाळलेलं.

आणि मी? मी आपला मूग भाजतोच आहे. तुपात जिरं तडतडवतोच आहे. एके दिवशी बायकोचा बांध फुटला. ‘कोणासाठी चाललंय हे? त्या नळीला जीभ आहे का हो?’

‘माझी पोर आहे ती! बेचव अन्न नाही देणार मी तिला!’ मी इतक्या जोरात ओरडलो की पोर दचकली. बायको तोंडाला पदर लावून आत गेली.

पोरीचं वजन वाढलं. डॉक्टरबाई खूश. लोक म्हणायचे, बघा, बाळसं धरलंय. मला आनंद व्हायला हवा होता.

मग एकदा सकाळी मूग-तांदूळ कुकरला लावले. भाजले नाहीत. तूप-जिऱ्याला हात लावला नाही. तीन शिट्ट्या झाल्यावर मिक्सरमधून काढले, गाळले, वाटीत ओतले. आणि चाखून बघितलं नाही. आजवर तळहातावर थेंब घेऊन चाखल्याशिवाय माझ्या हातचं पातेलं पंगतीत गेलेलं नाही, लग्नाचं असो की तेराव्याचं. त्या दिवशी गेलं.

बायकोनं पोरीला उभं धरलं. मी सिरिंज वर धरली आणि ओतलं. पोर माझ्या तोंडाकडे टकामका बघत होती. तिचे ओठ मिटलेले. सिरिंजमधलं हळूहळू खाली गेलं, रोज जायचं तसंच. नळी धुवायला वरून थोडं पाणी सोडलं. तिनं ढेकर दिली, जांभई दिली आणि आईच्या खांद्यावर मान टाकली. बायकोला कळलं होतं, ती माझ्याकडे बघत होती. पोरीला काहीच कळलं नाही.