नित्याचं पिवळं यंत्र माझ्या ड्रॉवरमध्ये राहिलंय

काल रात्रभर डोळा लागला नाही. माझ्या भावाच्या अंगावर असायला पाहिजे ती वस्तू माझ्या ड्रॉवरमध्ये आहे... आणि ती मीच काढून ठेवली.

मी इकडे डच लोकांच्या देशात, बाडहूव्हडॉर्पला राहते. हे विमानतळावर कार्गोला आहेत, आज डबल शिफ्ट, मोबाईल लॉकरमध्ये. मी दहावीपर्यंतच शिकलेय, लिहिताना चुकलं तर समजून घ्या.

भाऊ नितीन, घरात नित्या. डेल्फ्टला शिकतो. शनिवारी कॉलेजच्या मित्रांबरोबर ऑस्ट्रियाला बर्फात स्कीइंगला गेला. आदल्या दिवशी आमच्याकडेच मुक्कामाला होता.

तो आंघोळीला गेला तेव्हा मी त्याची बॅग नीट लावली. चिवड्याचा डबा काही केल्या बसेना... मग आतलं एक पिवळं, पट्टे लावलेलं यंत्र काढलं आणि तिथे डबा घातला. वाटलं रेडिओ असेल. डोंगरात रेडिओ कशाला, दोन घास पोटात गेलेले बरे. नंतर सांगीन म्हटलं आणि विसरले.

मंगळवारी त्याचा फोन आला. म्हणे शुक्रवारी आखलेला रस्ता सोडून बाहेरच्या डोंगरावर जाणार, तिथे खुणेचे खांब नाहीत, माणसं नाहीत, नुसता कोरा बर्फ. मी जाऊ नको म्हणून रडले तर हसला. “ताई, बर्फ घसरायचा धोका पाचपैकी तीन आहे गं. पाच थोडाच आहे?”

पाचपैकी तीन... मला ते मधलं वाटलं. तरी राहवेना, दिवसभरात नऊ वेळा फोन केला. नवव्यांदा म्हणाला, “आता रडायला फोन केलास तर उचलणार नाही.” तेव्हापासून खरंच उचलत नाही. ह्यांच्या नंबरवरूनही नाही, त्याला वाटतं मीच. एसेमेस पाठवले, उत्तर नाही.

काल दुपारी पोरीने ड्रॉवर उघडला आणि ते यंत्र चालू केलं. टिक टिक करायला लागलं. बंद कसं करायचं ते विचारायला खालच्या मजल्यावरच्या मारियानबाईंकडे घेऊन गेले, त्या वर्षानुवर्षं तिकडे बर्फात जायच्या. त्यांनी यंत्र बंद केलं आणि आधी विचारलं, हे कोणाचं?

मग मोडक्या इंग्लिशमध्ये समजावलं. खालचा बर्फ जुना, घट्ट. वरचा नवा, वाऱ्याने साचलेला, तो खालच्याला धरून नसतो... दूध ओतताना साय सरकते ना, तसा अख्खा डोंगर सरकतो. एका माणसाच्या वजनानेही. माणूस आत गाडला गेला की बाकीचे आपापल्या यंत्राने त्याचं यंत्र शोधतात. त्याच्याकडे नसेल तर शोधणार काय?

मी म्हटलं, पण धोका तीनच आहे. त्या म्हणाल्या, “चार-पाचला लोक घरी बसतात. तीनला जातात.”

त्यांनीही नित्याला फोन लावला. लागला नाही, मग मशीनवर डचमध्ये निरोप ठेवला. नित्याला डच येत नाही... हे मला घरी आल्यावर सुचलं.

त्या म्हणतात निघताना सगळ्यांची यंत्रं तपासतात, तेव्हा कळेलच. पण मी माझ्या भावाला ओळखते. चौथीत चित्रकलेच्या परीक्षेला रंगपेटी घरी विसरला होता, तर अख्खा पेपर पेन्सिलीने काढून आला, बाईंना सांगितलं नाही. चार गोरी पोरं दारात खोळंबलेली असताना हा म्हणेल का, माझं यंत्र नाही? म्हणेल, चला, काही होत नाही.

आज गुरुवार. उद्या सकाळी सातला निघतील.

माझा जीव थाऱ्यावर नाही. आईला कोल्हापूरला काही कळवलेलं नाही, तिने विचारलं तर म्हणणार, बॅग कोणी लावली होती?

म्हणून हे वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते... नित्याला फोन लावा. इथे मेसेज टाका, मी लगेच नंबर पाठवते. माझा नंबर दिसला की उचलत नाही, तुमचा अनोळखी आहे, उचलेल.

सांगा, ताई रडत नाहीये. जाऊ नको असंही म्हणत नाही. फक्त यंत्र बॅगेत नाही, चिवड्याच्या डब्याखाली शोधू नकोस. दुकानातून दुसरं भाड्याने घे, नाही मिळालं तर खाली बसून राहा. आणि मित्रांना सांगायची लाज वाटली तर सांग, माझ्या अडाणी बहिणीने काढून ठेवलं... मला चालेल.

लागेपर्यंत लावा.