तेरा जागा

शनिवार पेठेतल्या एका लहानशा सहल कंपनीत वासंती आगाशे बावीस वर्षं तिकिटांचं काम बघत होत्या. २०२० च्या मार्चमध्ये त्यांनी चौदा जणांना स्पेनला पाठवलं. बारा प्रवासी सत्तरीच्या आसपासचे, तेराव्या त्यांना सांभाळणाऱ्या ऋचा आणि चौदावे वासंतीबाईंचे यजमान श्रीधर, पहिल्यांदाच परदेशी निघालेले.

कोरोनामुळे इटली बंद झाली तेव्हा कंपनीचे मालक म्हणाले होते, स्पेन वेगळा देश आहे. चार-पाच दिवसांत स्पेनही बंद झाला. सगळे माद्रिदच्या हॉटेलात अडकले. खाली उतरलं की पोलीस परत पाठवायचे. सोमवारी भारत सरकारने जाहीर केलं, की बुधवारी संध्याकाळी साडेपाचनंतर युरोपातल्या कुठल्याही प्रवाशाला भारताच्या विमानात चढता येणार नाही.

वासंतीबाई संगणकापुढून उठल्याच नाहीत. एक विमान रद्द, दुसरं भरलेलं. मंगळवारी दुपारी एका विमानात पंधरा जागा दिसल्या. नावं भरेपर्यंत चौदा झाल्या, आणि शेवटचं बटण दाबलं तेव्हा तेरा.

ऋचा म्हणाल्या, मी राहते. पण वाटेत विमान बदलायचं होतं, त्यात दोघांना चाकाची खुर्ची लागायची, एका बाईंना इन्सुलिन. वासंतीबाईंनी नाही म्हटलं आणि फोन श्रीधररावांना द्यायला सांगितला.

"अहो, एक जागा कमी पडतेय."



"नाव काढलंस का माझं?"

"अजून नाही."

"मग काढ. जागा जातील."

त्यांनी नाव खोडलं. तिकिटं पाठवण्याआधी पासपोर्टचे नंबर तीनदा तपासले. तेराही जण बुधवारी मुंबईत उतरले, हातावर शिक्के मारून पुण्यात आपापल्या घरी बंद झाले. पुढच्या आठवड्यात सगळा देशच बंद झाला.

तिकडे माद्रिदचं हॉटेलही बंद पडलं. एका सिंधी दुकानदाराने श्रीधररावांना मागची खोली दिली. एप्रिलमध्ये त्यांना ताप आला. नऊ दिवस वासंतीबाई रोज चारदा फोन करून नुसता त्यांचा श्वास ऐकायच्या. मुलीने, वल्लरीने, एकदा विचारलं, "आई, मागे ठेवायला तू बाबांनाच का निवडलंस?" त्या दिवशी वासंतीबाई जेवल्या नाहीत.

ताप उतरला. जूनमध्ये सरकारी विमानाने श्रीधरराव दिल्लीत आले आणि विलगीकरण संपवून पुण्याला पोहोचले. अकरा किलो वजन कमी झालं होतं. दारातच वासंतीबाईंनी माफी मागायला तोंड उघडलं.

"ते राहू दे," ते म्हणाले. "त्या इन्सुलिनवाल्या बाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. दर रविवारी तुमची चौकशी करतात."

"मग त्यांना कळव, मी पोहोचलो," म्हणाले आणि चपला काढून आत गेले. वासंतीबाईंनी दारातूनच त्या बाईंना फोन लावला.